‘कॅश्ड’ कमी करण्याच्या नादात गेलेले चार दिवस

गेममध्ये नव्या भागात शिरताना चित्र क्षणभर अडखळायचे. संगणकात १६ जीबी रॅम असताना असे का व्हावे, म्हणून विंडोजच्या टास्क मॅनेजरचे मेमरीचे पान उघडले, तर ‘कॅश्ड’ (डिस्कवरून वाचलेल्या फाइलींचा रॅममधला साठा) या नोंदीसमोर जवळपास ७ जीबी दिसत होते. एवढी मेमरी विनाकारण अडकून पडली आहे अशी माझी समजूत झाली आणि तिथूनच सगळे बिघडले.

मिळेल तो सल्ला मी ऐकला. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) ‘लार्ज सिस्टम कॅश’ १ केले, ‘सेकंड लेव्हल डेटा कॅश’मध्ये प्रोसेसरच्या कॅशचा आकडा भरला आणि शेवटी, रॅम भरपूर असेल तर पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) नुसती वेग खाते, असे कोणीतरी ठामपणे सांगितले म्हणून ती पूर्ण बंद केली. त्यानंतर गेम तासाभराने थेट बंदच पडू लागला. मेमरी संपल्याचा संदेश यायचा आणि त्याच वेळी टास्क मॅनेजर ४ जीबी मेमरी उपलब्ध असल्याचे दाखवायचा.

या विसंगतीने माझे चार दिवस खाल्ले. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, रात्रभर मेमरीची चाचणी चालवली, गेम नव्याने डाउनलोड केला. दोष कुठेच सापडेना. अखेर त्याच पानावरच्या ‘कमिटेड’ या आकड्याकडे लक्ष गेले: १५.६/१५.९. पहिला आकडा म्हणजे सिस्टिमने प्रोग्रॅमना देऊ केलेली मेमरी आणि दुसरा म्हणजे ती देऊ शकेल अशी कमाल मर्यादा, जी रॅम आणि पेजफाइल मिळून ठरते. गेम भरपूर मेमरी मागून ठेवतो आणि त्यातली बरीचशी वापरत नाही, तरी देऊ केलेली सगळी मेमरी या मर्यादेत मोजली जाते. म्हणून रॅम शिल्लक असूनही नवी मागणी नाकारली जात होती, आणि पेजफाइल बंद करून ती मर्यादा मीच खाली आणली होती. पेजफाइल पुन्हा सिस्टिमच्या हवाली करून रीस्टार्ट केले. त्या रात्री पाच तास खेळलो आणि गेम एकदाही बंद पडला नाही. केवढे हायसे वाटले! पेजफाइल बंद करायला सांगणाऱ्यांनी हा आकडा पाहायलाही सांगायला हवे, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

‘कॅश्ड’मधली बहुतेक मेमरी मागणी येताच मोकळी होते; ती मुद्दाम रिकामी केली तर त्याच फाइली डिस्कवरून पुन्हा वाचाव्या लागतात. रजिस्ट्रीतली दोन्ही मूल्ये मी ० केली: पहिले फाइल सर्व्हरच्या कामासाठी आहे आणि दुसऱ्याचा आजच्या प्रोसेसरना उपयोग नाही. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी तिची प्रत जरूर काढून ठेवा.

मूळ अडखळणे ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये शेडर कॅशची (गेमचे चित्र रेखाटणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या डिस्कवरील साठ्याची) मर्यादा १० जीबी केल्यावर बरेच कमी झाले. ड्रायव्हर अपडेट केल्यावर हा साठा नव्याने तयार होतो, त्यामुळे सुरुवातीच्या खेळावरून मत बनवू नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. पट्ट्या काढल्या तेव्हा त्यांच्यावर ३२०० हा वेग छापलेला मी वाचला होता, पण टास्क मॅनेजरमध्ये ‘स्पीड’समोर २१३३ होते. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारे सेटिंग, सुरू केले आणि रीस्टार्टनंतर तिथे ३२०० दिसले.