टेलो: कंपासने काढलेल्या वर्तुळांचं गाव

बी.ए.ला भूगोल घेतलेल्या माणसाला थ्युनेन म्हटलं की कंपासपेटी आठवते. बाजारापासून किती लांब काय पिकवणं परवडतं, हे वर्तुळांनी दाखवणारा हा जर्मन शेतमालक. मधोमध शहर, भोवती भाजीपाला आणि दूध, मग जंगल, मग धान्याचे पट्टे, शेवटी गुरं. मार्कांसाठी ही आकृती मी इतकी गिरवली होती, की तिच्यामागे खरंखुरं शेत असेल हे कधी डोक्यातही आलं नाही. यंदा लेकीकडे रोस्टॉकला महिनाभर होतो, तेव्हा नकाशात टेलो सापडलं, थ्युनेनचं गाव. (शेवटचा डब्ल्यू गिळायचा. मी 'टेलोव' म्हणत विचारत होतो आणि लोक नुसते बघत होते.)

गाव उत्तर जर्मनीत, मेक्लेनबुर्गमध्ये. थोडी घरं, दगडी फरसबंदीचा रस्ता, झाडी आणि मालकाचं घर. राजवाड्यासारखा थाट नाही, ऐसपैस शेतघरच म्हणा. योहान हाइनरिश फॉन थ्युनेन 1810 पासून 1850 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. जमीन 465 हेक्टर. त्या काळी मेक्लेनबुर्गात जमीनदारांचं राज्य होतं. शेतमजूर मालकाच्या जमिनीला बांधलेला असायचा, ती वेठ कायद्याने सुटली 1820 साली.

थ्युनेनची खरी करामत हिशेबाच्या वह्यांत आहे. बियाणं, मजुरी, शेणखत, गाडीभाडं, सगळं तो वर्षानुवर्षं मांडत राहिला. धान्य विकायला रोस्टॉकला जायचं, चार घोड्यांच्या गाडीतून. घोडे आणि गाडीवान वाटेत खाणार, परतीलाही खाणार. मग तो हिशेब करत गेला: बाजार 50 जर्मन मैलांवर, म्हणजे सुमारे पावणेचारशे किलोमीटरवर असेल, तर गाडीतला माल जाण्यायेण्यातच संपेल. त्यापुढे विकायला धान्य पिकवण्यात अर्थच नाही. 1826 साली त्याने हे छापलं आणि आपल्या वहीत वर्तुळं आली. जंगल शहराला इतकं खेटून का, हे कॉलेजात मला कधीच पटलं नव्हतं. जळणाचं लाकूड वजनाला भारी आणि किमतीला हलकं, ते लांबून आणणं परवडतच नाही. इथे गाडीचा हिशेब डोळ्यांपुढे आला तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

1945 च्या जमीनसुधारणेत सोव्हिएत अमलाखालच्या भागातल्या 100 हेक्टरांवरच्या जमीनदाऱ्या मोडल्या. टेलोत 1972 साली संग्रहालय झालं. ते शेतघरात आणि आवारातल्या जुन्या इमारतींत आहे. घाई करू नका, दोन-अडीच तास हाताशी ठेवा. जर्मन येत नसेल तर फोनवर भाषांतराचं ॲप आधीच उतरवून घ्या, माझ्या फोनला तिथे रेंज धड नव्हती.

जायचं कसं? रोस्टॉकहून ग्युस्ट्रोला गाडी बदलून टेटरो. पुढे मी सायकलने गेलो. सायकलीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, हे मला डब्यात चढल्यावर कळलं. शनिवार-रविवारच्या बसवर विसंबू नका. रविवारी दुकानंही बंद असतात, तेव्हा पाणी आणि डबा टेटरोतूनच घ्या. संग्रहालयाच्या वेळा आधी विचारून ठेवा, हिवाळ्यात तर नक्कीच.

आणि कबर टेलोत शोधू नका. मी अर्धा तास झाडीत फिरलो. ती जवळच्या बेलित्स गावात, चर्चच्या आवारात आहे. दगडावर एक सूत्र कोरलंय: वर्गमूळ चिन्हाखाली ए आणि पी. ए म्हणजे मजुराची पोटापुरती गरज, पी म्हणजे त्याच्या कष्टातून निघणारं उत्पन्न. दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ही त्याच्या मते रास्त मजुरी. अर्थशास्त्रवाल्यांना हे सूत्र फारसं पटलेलं नाही. पण हा माणूस नुसतं मांडून थांबला नाही. 1848 पासून त्याने टेलोच्या मजुरांना नफ्यात वाटा दिला. तो ज्याच्या-त्याच्या नावावर जमा व्हायचा, व्याज दरवर्षी, मुद्दल म्हातारपणी.

मी दगडाभोवती दोनदा फिरून पाहिलं. वर्तुळ एकही नाही.