कवळी कशाची करून घ्यावी?

"डॉक्टर, आईची कवळी कशाची करून घेऊ?" हा प्रश्न मला रुग्णांपेक्षा त्यांची मुलेच अधिक विचारतात, आणि बहुधा फोनवर एखाद्या लवचीक, "न तुटणाऱ्या" कवळीची जाहिरात उघडून विचारतात. त्यांना कवळीतल्या दातांविषयी फारसे विचारायचे नसते. हिरड्यांवर आणि टाळूवर टेकणारा गुलाबी भाग, ज्याला आम्ही बेस म्हणतो, तो कोणत्या पदार्थाचा असला म्हणजे सुख लागेल, हे त्यांना हवे असते. माझे मत आधीच सांगतो. तोंडात एकही दात उरला नसेल तर नेहमीच्या, उष्णता देऊन घट्ट केलेल्या ॲक्रिलिक या प्लास्टिकची कवळी घ्यावी, आणि दुसरा पदार्थ निवडायचाच असेल तर त्याचे नेमके कारण आपल्याला सांगता आले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कवळ्या व्हल्कनाइट नावाच्या कडक, काळपट रबराच्या होत असत. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक आले आणि थोड्याच वर्षांत त्याने रबराला हटवले. रंग हिरडीसारखा, वजन हलके, किंमत आवाक्यात, ही कारणे होतीच. परंतु ते आजवर टिकून राहिले याचे मोठे कारण, माझ्या मते, त्याची दुरुस्ती सहज होते हे आहे. दात काढल्यानंतर जबड्याचे हाड झिजत जाते आणि ही झीज वर्षानुवर्षे चालूच राहते. टालग्रेन या संशोधिकेने पंचवीस वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली होती. म्हणजे आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होणार, हे गृहीतच धरावे लागते. त्या वेळी ॲक्रिलिकच्या आतून नवा थर देऊन, म्हणजे रिलाइन करून, तीच कवळी पुन्हा बसवता येते. बेसिनमध्ये पडून तडा गेला तरी लॅबमध्ये ती सांधून मिळते. कवळीवाचून चार दिवस घराबाहेर न पडणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, तो दुरुस्तीची सोय सुखाच्या हिशेबातून वगळणार नाही.

ॲक्रिलिकचा खरा दोष असा की ते उष्णता जवळजवळ वाहून नेत नाही. टाळू झाकला गेल्यावर चहा किती कढत आहे हे घशाशी पोचेपर्यंत कळत नाही, आणि "जेवणाला चवच राहिली नाही" या तक्रारीचा बराच भाग याच झाकलेल्या टाळूचा असतो, कारण चव घेणारी जीभ तर उघडीच असते. अशा रुग्णासाठी, किंवा चावण्याच्या जोराने वरची कवळी पुन्हा पुन्हा मधोमध मोडणाऱ्यासाठी, कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा बेस चांगला. तो अर्धा मिलिमीटरइतका पातळ करता येतो, त्यामुळे जिभेला जागा मिळते आणि ऊन-गारही कळते. मात्र हा धातू ॲक्रिलिकच्या सुमारे सातपट घन असतो, तो महाग पडतो, आणि हाड झिजल्यावर धातूचा भाग रिलाइन करणे अवघड जाते. म्हणून नुकतेच दात काढलेल्या माणसाला मी तो सुचवत नाही.

लवचीक कवळी नायलॉनची असते. पुढचे एक-दोन दात गेले असतील आणि तारेचा आकडा दिसू नये अशी इच्छा असेल, तर ती खरोखर छान दिसते व हलकीही वाटते. पूर्ण कवळीसाठी मात्र लवचीकपणा हाच तिचा अवगुण ठरतो, कारण चावताना बेस वाकतो आणि दाब सगळीकडे सारखा न पसरता हिरडीच्या ठरावीक भागावर येतो. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्याला हे लवकर जाणवते. शिवाय दात तिला रासायनिकरीत्या चिकटत नाहीत, केवळ खाचांमध्ये अडकून राहतात. टोचणारी कड घासायला घेतली की धागे निघतात, पुन्हा गुळगुळीतपणा येत नाही, आणि खरखरीत जागी हळदीचा डाग व बुरशी दोन्ही धरतात.

"कवळीने तोंडाची आग होते, मटेरियल बदला," असेही पुष्कळ जण म्हणतात. ॲक्रिलिकमध्ये उरलेल्या मोनोमरची, म्हणजे घट्ट न झालेल्या मूळ द्रवाची, ॲलर्जी काहींना असते, पण ती विरळाच. बहुतेकांच्या बाबतीत रात्रंदिवस कवळी घालून ठेवल्याने टाळूवर बुरशी वाढलेली असते. रात्री कवळी काढून, घासून साध्या पाण्यात ठेवली आणि बुरशीवर औषध घेतले की बहुधा आराम पडतो. ॲलर्जीची खात्रीच झाली, तर आधीच घट्ट केलेल्या ॲक्रिलिकच्या चकतीतून यंत्राने कोरलेल्या कवळीचा विचार करता येतो, कारण तिच्यात मोनोमर कमी उरतो आणि ती आकसतही नाही.

दात नसलेल्यांचे जीवनमान मोजण्यासाठी संशोधक एकोणीस प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिच्यात खाणे टाळावे लागते का, दुखते का, लोकांत संकोच वाटतो का, असेच विचारलेले असते, आणि यातील बहुतेक त्रास खालच्या, हलणाऱ्या कवळीमुळे होतो. त्यामुळे चार पैसे जास्त खर्च करण्याची तयारी असेल, तर वरच्या कवळीच्या धातूपेक्षा ते खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे धातूचे स्क्रू, बसवून त्यांवर कवळी अडकवण्यासाठी वापरावेत, असे मी सांगतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनीही खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानला होता. त्या कवळीचा बेसदेखील साध्या गुलाबी ॲक्रिलिकचाच चालतो.