गव्हर्नरचा पगार कोणी द्यायचा?

माझी सगळी नोकरी पगारपत्रकं तयार करण्यात गेली. त्यामुळे असेल, पण इतिहास वाचताना मला आधी हेच शोधावंसं वाटतं, की या माणसाचा पगार कुठून यायचा? अमेरिकन वसाहती आणि ब्रिटिश सत्ता यांच्यातल्या भांडणाबद्दल वाचतानाही हाच प्रश्न घेऊन बसले, आणि हाती बरंच काही लागलं.

ढोबळ गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक असते. सात वर्षांच्या युद्धात ब्रिटनवर कर्जाचा डोंगर झाला, 1763 नंतर अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्चही होताच, म्हणून लंडनच्या पार्लमेंटने वसाहतींवर कर बसवले. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नाही, तिने आपल्यावर कर का लावावा, म्हणून लोक भडकले. हे खोटं नाही. पण मला वाटतं, पैसे किती जाणार याच्याइतकीच ते कोणाच्या खिशात जाणार याचीही त्यांना धास्ती होती. आणि ती जुनी होती.

मॅसॅच्युसेट्स या वसाहतीचंच घ्या, राजधानी बॉस्टन. 1691च्या सनदेनुसार तिथला गव्हर्नर राजा नेमायचा. त्याचं वेतन मात्र लोकांनी निवडलेली तिथली सभा मंजूर करायची, तेही एकेका वर्षापुरतं. साहेब लंडनचा, पगार बॉस्टनचा! ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे सभेतल्या शेतकऱ्या-व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको होतं. 1728मध्ये विल्यम बर्नेट नावाचा नवा गव्हर्नर लंडनचा हुकूम घेऊनच आला: वर्षाला 1000 पौंड, आणि ते कायमचे बांधून द्या. सभेने रक्कम देऊ केली, पण कायमची नाही. पठ्ठ्याने ती नाकारली. सभासदांना वठणीवर आणायला त्याने सभेची बैठक बॉस्टनहून सेलमला हलवली, पुढे केंब्रिजला. कोणी बधलं नाही. वाद चालू असतानाच 1729मध्ये बर्नेट वारला, आणि काही वर्षांनी लंडननेच हात टेकले. वर्षागणिक मिळेल ते घ्यायची परवानगी गव्हर्नरला देऊन टाकली. मला या प्रकरणाचं भारी कौतुक आहे. नुसता एक ठराव मंजूर न करता राजाच्या हुकमाला वर्षानुवर्षं थोपवून धरलं.

आता याच चष्म्यातून पार्लमेंटने 1767मध्ये केलेले टाउनशेंड कायदे बघा (ब्रिटनचा अर्थमंत्री टाउनशेंड याच्या नावावरून). काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात. वसुलीचा पैसा कशाला वापरायचा, तेही कायद्यातच लिहिलेलं होतं: वसाहतींमधली न्यायव्यवस्था आणि मुलकी कारभार. म्हणजे गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार आता लोकांच्याच पैशातून, पण लोकांना न विचारता निघणार. 1770मध्ये बाकीच्या जकाती उठल्या, चहावरची, वजनी पौंडामागे 3 पेन्स, तेवढी राहिली. वरवर पाहता भांडण मिटल्यासारखंच होतं.

मग 1772मध्ये गव्हर्नर टॉमस हचिन्सनने सभेला कळवलं, की यापुढे माझं वेतन राजाकडून येईल. त्यापाठोपाठ वरिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशांचंही तसंच होणार अशी बातमी आली. ही दुसरी बातमी जास्त झोंबली. इंग्लंडमध्ये 1701च्या कायद्याने न्यायाधीशांना राजाच्या लहरीपासून संरक्षण मिळालं होतं. वसाहतींमधल्या न्यायाधीशाची नेमणूक मात्र राजाच्या मर्जीवर, आणि आता पगारही त्याच्याच हातात. अशा माणसासमोर जकातीचा खटला उभा राहिला तर निकाल काय लागेल? 2 नोव्हेंबर 1772ला सॅम्युएल ॲडम्सच्या ठरावावरून बॉस्टनच्या नगरसभेने 21 जणांची पत्रव्यवहार समिती नेमली, आणि गावोगावी पत्रं जाऊ लागली. जी यंत्रणा पुढे बंड चालवणार होती, ती पगाराच्या बातमीवरून उभी राहिली.

हचिन्सनची मला थोडी दयाच येते. जन्माने बॉस्टनचा, आपल्या वसाहतीचा इतिहास लिहिलेला विद्वान माणूस. 1765मध्ये जमावाने त्याचं घर अक्षरशः सोलून काढलं होतं. जानेवारी 1773मध्ये त्याने सभेला समजावून सांगायचं ठरवलं: पार्लमेंटची सर्वोच्च सत्ता आणि वसाहतींचं संपूर्ण स्वातंत्र्य यांच्यामध्ये कुठलीही रेषा आखता येत नाही. त्याला वाटलं, हे ऐकून लोक घाबरतील. सभेने उत्तर दिलं, की रेषा नसेल तर आम्ही एक तर पार्लमेंटचे दास आहोत किंवा पूर्ण स्वतंत्र. आणि दास व्हायचा करार आम्ही कधी केल्याचं दिसत नाही. तर्कशुद्ध बोलणाऱ्या माणसाने राजकारणात कधी गप्प बसावं, याचं इतकं चांगलं उदाहरण मी दुसरं वाचलेलं नाही.

त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्त करणारा कायदा आला. बॉस्टनच्या लोकांनी हा स्वस्त चहा समुद्रात का फेकला, हे कोडं बऱ्याच जणांना पडतं. पण त्या 3 पेन्सांतूनच हचिन्सनचा पगार निघत होता, आणि बॉस्टनमध्ये तो चहा विकायचं काम ज्या मोजक्या व्यापाऱ्यांना मिळालं, त्यांत त्याचे दोन मुलगे होते. 16 डिसेंबरला 342 पेट्या पाण्यात गेल्या.

1774च्या सुरुवातीला सभेने न्यायाधीशांना सरळ विचारलं: राजाचा पगार घेणार की नाही? चौघांनी नाही म्हटलं. सरन्यायाधीश पीटर ऑलिव्हर मात्र अडून बसला. इतकी वर्षं तुटपुंज्या वेतनावर काम करून मला पदरमोड करावी लागली, असं त्याचं म्हणणं. पगारपत्रकवाली म्हणून सांगते, तक्रार अगदीच बिनबुडाची नसावी. सभेने त्याच्यावर महाभियोग आणला. हचिन्सनने तो चालू दिला नाही, तेव्हा ज्युरीत बोलावलेल्या लोकांनी ऑलिव्हरच्या हाताखाली शपथ घ्यायलाच नकार द्यायला सुरुवात केली.

त्याच उन्हाळ्यात पार्लमेंटने चहाची शिक्षा म्हणून 1691ची सनदच मोडीत काढली. निवडून येणारं कौन्सिल, म्हणजे गव्हर्नरचं सल्लागार मंडळ, राजाने नेमायचं, नगरसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. 6 सप्टेंबर 1774ला वुस्टर गावात न्यायालय भरायचं होतं. आसपासच्या 37 गावांतून साडेचार हजारांवर माणसं आली आणि मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली. न्यायालयाच्या अधिकाऱ्यांना टोपी हातात धरून त्या रांगांमधून चालायला लावलं, आणि पार्लमेंटच्या नव्या कायद्यांखाली काम करणार नाही हे पुनःपुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. गोळी एकही सुटली नाही. स्वातंत्र्ययुद्धाची पहिली, लेक्सिंग्टनची लढाई व्हायला अजून सात महिने होते, पण वुस्टरमध्ये राजाचं न्यायालय त्या दिवशीच बंद पडलं.