पहिला गर्डर हलेना

रात्री वाहतूक बंद झाली की पहाटे 4 च्या आत जुन्या पुलाचा पहिला गर्डर, म्हणजे रस्त्याचा स्लॅब पेलणारी लांब तुळई, खाली उतरवायचा होता. डांबर आधीच खरवडलेलं, स्लॅब आणि गर्डरांना एकमेकांशी जोडणारे आडवे डायफ्रॅम डायमंड वायरने कापलेले. 30 मीटरचा प्रीस्ट्रेस्ड गर्डर, डोक्यावर स्लॅबची पट्टी. हिशेबाने 85 टन. दोन टोकांना दोन क्रेन. पट्टे टोकांजवळच बांधायचे, कारण असा गर्डर मधोमध धरून उचलला तर आतल्या ताणलेल्या केबल आणि त्याचं स्वतःचं वजन मिळून वरच्या अंगाला तडे पाडतात.

एक टोक बोटभर उचललं गेलं. दुसऱ्या क्रेनवरचा भाराचा आकडा 43 टनांच्या आसपास थांबायला हवा होता. तो 50 च्या पुढे गेला, तरी टोक जागचं हलेना. ऑपरेटरने आपणहून हात आखडला.

"मॅडम, खाली कुठंतरी धरून बसलाय. अजून ओढू का?"

"अजिबात नको." चिकटलेलं टोक झटक्यात सुटलं असतं, तर तो हिसका थेट क्रेनच्या लांब हातावर, बूमवर आला असता. तेवढ्यात फोन सुरू झाले, किती वेळ लागेल म्हणून. असे फोन करणारे साइटवर कधीच नसतात.

बॅटरी घेऊन पिअरच्या, म्हणजे पुलाच्या खांबाच्या, माथ्यावर चढले. गर्डर ज्यावर टेकतो त्या रोलर बेअरिंगचा रोलर ओळखू येत नव्हता. गंजाच्या थरांनी वरची-खालची पोलादी प्लेट एकजीव झाली होती. 30 अंशांच्या तापमानफरकाने एवढा गर्डर जवळपास एक सेंटिमीटर लांबतो-आखडतो, त्यासाठीच तो रोलर. तो फिरायचा थांबल्यापासून सगळी ओढाताण पिअरकॅपवर, म्हणजे खांबाच्या डोक्यावरच्या आडव्या भागावर, येत होती. तिरक्या भेगा त्याच जागी होत्या.

मग क्रेनने फक्त आपल्या वाट्याचा भार धरला आणि आम्ही गर्डरखाली हायड्रॉलिक जॅक लावून ते टोक मिलिमीटर-मिलिमीटरने सोडवलं. मुकादम एरवी सतत बोलणारे, तेवढा वेळ एक शब्द बोलले नाहीत. गर्डर ट्रेलरवर आला आणि रस्ता जेमतेम वेळेत खुला झाला.

सकाळी यार्डात काँक्रीट फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. मधोमध लगेच गडद गुलाबी रंग आला, म्हणजे सळयांना गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत. टोकाला सळयांपर्यंत रंगच नाही. गाड्यांचा भार सगळ्यात जास्त वाकवतो तो मधला भाग ठणठणीत आणि टोकं मात्र खलास! वर एक्स्पान्शन जॉइंटचं, म्हणजे स्लॅबला लांबायला-आखडायला ठेवलेल्या फटीचं, रबर फाटलेलं. दर पावसाळ्यात पाणी थेट गर्डरच्या टोकांवर आणि बेअरिंगवर उतरत होतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, त्यामुळे आतून काँक्रीट सुटत गेलेलं.

नव्या पुलाच्या नकाशात स्लॅब अखंड आहे, जॉइंट निम्म्याहून कमी. बेअरिंगशेजारी जॅक बसवायला मोकळी जागा आहे, हे मला सगळ्यात आवडलं. बदलायची वेळ आली की पूल पाडावा लागणार नाही. फक्त पावसाच्या पाण्याचा पाइप पिअरकॅपच्या जरा वरच संपवला होता. तो जमिनीपर्यंत न्यायला लावला, त्यावर सल्लागारांशी बराच वाद झाला.

उरलेल्या गर्डरांना क्रम बदलला: आधी जॅकने बेअरिंग सोडवायचं, मग क्रेन लावायची.