मग तो गेला का?

दुपारी चारच्या सुमाराला चॅटवर एक ओळ आली : "मग तो गेला का?"

कोण कुठे गेला, मला कळेचना. सोबत टाइमकोड, म्हणजे चित्रफितीतली नेमकी वेळ होती, त्यावरून अर्थ लागला. मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या 'फेड टू ब्लॅक' गाण्यातली शेवटची गायलेली ओळ, जिच्यात गाणारा निरोप घेतो, पडद्यावरून सरकली होती. त्यापुढच्या सुमारे दोन मिनिटांसाठी माझ्या फाईलमध्ये एकच शब्द होता : [संगीत].

मी कॅप्शन लिहिते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. त्यामुळे नुसतं भाषांतर करून भागत नाही. दार आपटलं, मागे कुणी हुंदका दिला, हेही कंसात लिहावं लागतं. त्या दिवशी हातात होता रॉकमधल्या निराशेच्या आणि दिलाशाच्या गाण्यांवरचा माहितीपट. चार गाणी पूर्ण वाजणार, त्यांच्या शब्दांचं मराठी मी करायचं आणि रात्रीपर्यंत फाईल द्यायची. प्रश्न विचारणारे आमचे तपासनीस. त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही. माझी प्रत्येक फाईल ते नुसती वाचून बघतात आणि जिथे अडतील तिथे लिहितात. मोजकं लिहितात, पण नेमकं बोट ठेवतात.

माझी सकाळ सगळी एका वाक्यात गेली होती. 'यू आर नॉट अलोन.' शाळकरी इंग्रजी, चार शब्द. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या 'रॉक अँड रोल सुसाइड'मध्ये ते येतं. 1972 च्या 'झिगी स्टारडस्ट' अल्बमचं हे शेवटचं गाणं, तीन मिनिटांच्या आत आटोपतं. सुरुवातीला एक गिटार आणि जवळजवळ पुटपुटल्यासारखा आवाज. कुणा थकल्याभागल्या माणसाला तो 'तू, तू' करत त्याचंच वर्णन ऐकवतो. मग ब्रास (पितळी सुषिर वाद्यं) आणि तंतुवाद्यं चढत जातात आणि बोवी जीव तोडून ओरडायला लागतो की नाही, तू एकटा नाहीस.

एकटा? की एकटी? इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही. मराठीला पडतो आणि ती उत्तर घेतल्याशिवाय वाक्य पुरं करू देत नाही. मुळात हा उद्गार बोवीकडे गायक जाक ब्रेलच्या 1964 च्या 'जेफ' या फ्रेंच गाण्यातून आला. तिथे रडणाऱ्या मित्राला एक जण समजावत असतो, त्यामुळे 'एकटा' बिनधास्त लिहिता येईल. पण बोवीचा 'तू' कोण आहे ते त्याने उघडंच ठेवलंय. 3 जुलै 1973 ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये झिगी या आपल्या काल्पनिक रॉकस्टारच्या रूपात त्याने हा आपला शेवटचा कार्यक्रम असल्याचं जाहीर केलं आणि हेच गाणं म्हटलं. तिथे समोरच्या अख्ख्या गर्दीतला जो तो 'तू' होता. त्यातल्या निम्म्यांना मी 'एकटा' या एका शब्दाने बाहेर काढणार होते.

तासाभराने सुचलं ते इतकं घरगुती होतं की आधी लिहायचीच लाज वाटली : "मी आहे ना." आपण खरोखर असंच म्हणतो की. 'तू एकटा नाहीस' हे मराठीत कुणी कुणाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही. आणि गाण्यातही ते बसत होतं, कारण पूर्वार्धात बोवीचा 'मी' कुठेच नाही. तो अवतरतो तो या ओरडण्यातच आणि सांगतो की माझ्याही वाट्याला हे आलंय, हात दे. दिलासा द्यायचा म्हणून गायक गाण्यात शिरतो, असं काहीतरी ते आहे.

पुढचं गाणं आर.ई.एम. या अमेरिकन बँडचं 'एव्हरीबडी हर्ट्स'. 1992 च्या 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'मधलं. त्यातही नेमकं हेच वाक्य आहे! सॉफ्टवेअरने मोठ्या तत्परतेने आधीचं भाषांतर पुढे केलं, मीही 'हो' दाबलं. दहा ओळी पुढे गेल्यावर शंका आली म्हणून परत गेले. पूर्ण गाणं वाचलं. आख्ख्या गाण्यात 'मी' नाही. एकदाही नाही. 'तू' आहे आणि 'सगळे' आहेत. आणि मी तिथे "मी आहे ना" लिहून मोकळी झालेली.

हे गाणं बोवीसारखं अंगावर धावून येत नाही. ते मुख्यतः बँडचा ड्रमर बिल बेरी याचं, पण ठेका देतं एक साधं ड्रम मशीन. तंतुवाद्यांची बांधणी लेड झेपलिन या दुसऱ्या बँडच्या जॉन पॉल जोन्सची, तीही मागे मागे राहणारी. गिटारिस्ट पीटर बकने सांगितलंय की शब्द इतके सरळ ठेवले ते किशोरवयीन मुलांसाठी म्हणून. माझ्या पहिल्या मसुद्यात 'व्यथा' होती, ती मुकाट्याने काढली. 'दुखतं' पुरे. 'होल्ड ऑन'ला 'धीर धर' लिहिलं होतं, तेही काढलं, त्यात वडीलधाऱ्यांचा सूर येतो. 'सोडू नकोस' ठेवलं. आणि ते वाक्य? "एकटं वाटतं ना? सगळ्यांनाच वाटतं." 'एकटं' झालं की बाई-पुरुष हा प्रश्नच मिटतो.

पिंक फ्लॉइड या बँडचं 'हे यू' त्यामानाने लवकर झालं. 1979 च्या 'द वॉल'मधलं. तिथे सगळं उलटं, स्वतःभोवती भिंत उभारून बसलेला माणूसच बाहेरच्याला हाका मारतो, मदत मागतो. मधेच गाणं त्याच्याबद्दल तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगतं की भिंत फार उंच होती. 'अरे' म्हणावं की 'अगं' यावर थोडी घुटमळले आणि नुसतं 'ए' लिहिलं. जरा उद्धट वाटतं. असू दे, त्याची परिस्थिती काय आहे बघा.

तर 'फेड टू ब्लॅक' मला सगळ्यांत सोपं वाटलं होतं. 1984 चं. त्या वर्षी जानेवारीत बॉस्टनमध्ये बँडचं सामान चोरीला गेलं, गायक जेम्स हेटफिल्डचा आवडता ॲम्प्लिफायरही गेला, त्या दिवसांतलं हे गाणं. सबंध गाण्यात 'मी'च 'मी'. समोर कुणी नाहीच, त्यामुळे एकटा-एकटीचा घोळही नाही. पटापट झालं. शब्द संपले तिथे [संगीत] टाकलं आणि चहाला उठले.

आणि आता हे : मग तो गेला का?

मी लिहिलं, "नाही हो, गाणं पुढे आहे."

"तुमच्या फाईलमध्ये नाही. निरोप घेतला आणि संपलं. पुढे दोन मिनिटं मी कोऱ्या पडद्याकडे बघत होतो."

हेडफोन लावून मी ती दोन मिनिटं परत ऐकली. कितीदा ऐकलेली होती. इतकी वर्षं हे गाणं मला खचवत नाही, उलट बरं वाटतं. हेटफिल्डनेही सांगितलंय की असं लिहिणाऱ्या मुलांची पत्रं बँडला शेकड्यांनी आली. शब्दांत मात्र दिलाशाचा एक कण नाही. जे काय आहे ते याच दोन मिनिटांत आणि मी त्यावर [संगीत] असा बोळा फिरवलेला.

मी नवा कंस लिहून पाठवला : [गिटार आशादायक सूर धरते].

लगेच उत्तर : "आशा आहे की नाही ते मी ठरवीन. गिटार काय करते ते सांगा."

बरोबरच होतं. कामाचा पहिला नियम तो आणि मीच तो विसरले होते. मग बसले तुकडे पाडत. [ड्रम आणि जड गिटार जोरात सुरू]. [त्यावर एकटी गिटार]. [सूर वर चढतो, वेग वाढतो]. 'एकटी' लिहिताना हसू आलं. 'एक गिटार' केलं. शेवटच्या कंसाला अडले. [गिटार थांबते] लिहिलं, पण ते खोटं होतं. ती थांबत नाही. नावाप्रमाणेच हे गाणं विरत जातं. कुणीतरी आवाज कमी करत नेतो आणि वाजवणारा वाजवतच असतो.

तसंच लिहून कळवलं : "थांबत नाही. वाजत राहते, फक्त ऐकू येईनाशी होते."

बराच वेळ ते काही लिहीत नव्हते. मग आलं, "वाजतंय पण ऐकू येत नाही, हे मला समजावू नका. हेच ठेवा."

शेवटचा कंस तसाच ठेवला. पावणेनऊला फाईल गेली.