तलावाला नदीची फूटपट्टी

निवृत्त होण्यापूर्वी मी रसायनशास्त्र शिकवत असे आणि दर वर्षी एका तरी तुकडीला घेऊन नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर जात असे. काचेच्या बुचाच्या बाटलीत तलावाचे पाणी भरायचे, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण सोडायचे आणि तपकिरी साका तळाशी बसताना पाहायचा, ही पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलरची जुनी पद्धत मुलांना फार आवडे. एका वर्षी एक विद्यार्थी, बहुधा मला खूश करण्यासाठी, रसायने घरी घेऊन गेला आणि पहाटे साडेपाचला त्याच जागेचा नमुना भरून आला. त्याच्या नमुन्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास निघाला. आदल्या दिवशी भर दुपारी आम्ही घेतलेल्या नमुन्यात तो ९ च्या पुढे गेला होता.

यात चूक कोणाचीच नव्हती. साचलेल्या आणि पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच वापरून संपवते, त्यामुळे अशा तलावाची खरी अवस्था सूर्योदयाच्या आधीच कळते. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, सामू (पीएच) वर चढतो आणि एरवी निरुपद्रवी असलेल्या अमोनियमचा काही भाग माशांना घातक अशा मुक्त अमोनियात बदलतो. नमुना घेणारे कर्मचारी मात्र कार्यालयीन वेळेत निघतात, आणि त्यांना दोष तरी का द्यावा?

नदी असो वा तलाव, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची वापरानुसार केलेली वर्गवारी एकच, ‘अ’पासून ‘इ’पर्यंत पाच पायऱ्यांची आहे. निर्जंतुकीकरणानंतर पिण्याजोग्या पाण्यासाठी विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ६ आणि बीओडी (पाण्यातला सेंद्रिय मळ कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) कमाल २ मिलिग्रॅम, स्नानासाठी ५ आणि ३, मत्स्यजीवनासाठी प्राणवायू किमान ४ आणि मुक्त अमोनिया कमाल १.२ मिलिग्रॅम. (हा १.२ चा आकडा मला नेहमीच बुचकळ्यात टाकतो, कारण मत्स्यपालन शिकवणारा कोणीही सांगेल की एक दशांश मिलिग्रॅमच्याही खाली अनेक माशांना त्रास सुरू होतो.) या पाचही पायऱ्यांच्या प्राथमिक निकषांत फॉस्फरसचा उल्लेखच नाही. जलपर्णी ज्यावर पोसते तेच मोजायचे नाही, आणि मग अंबाझरी तलावात जलपर्णी काढण्यासाठी यंत्रे उतरवायची, असा आपला क्रम आहे.

त्याहून विचित्र शेवटची पायरी आहे. सिंचनासाठीच्या ‘इ’ वर्गात सामू, विद्युतवाहकता, सोडियमचे प्रमाण आणि बोरॉन एवढेच पाहिले जाते. तेथे ना बीओडी आहे, ना विष्ठेचा अंश दाखवणारे कोलिफॉर्म जिवाणू. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या नाग नदीला उद्या या वर्गात बसवले, तर काळे, दुर्गंधीयुक्त पाणीसुद्धा कागदावर उत्तीर्ण होऊ शकेल. तिच्या पाण्यावर पालक-मेथी पिकत असेल आणि ती भाजी कच्चीही खाल्ली जात असेल, तर सिंचनाच्या निकषात जिवाणू नसणे ही केवळ तांत्रिक उणीव राहत नाही. नागच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला आहे. त्यातल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला मर्यादा आहेत, परंतु नदीने स्वतः कोणत्या वापराच्या लायक व्हायचे, हे ठरवणारा आकडा त्याआधी यायला हवा होता.

कायद्यात यासाठी जागा आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम १७ राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाण्याचे वर्गीकरण करण्याचा आणि मानके ठरवण्याचा, बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार देते; फक्त किती वर्षांनी ती तपासायची, हे ते सांगत नाही. अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्याने प्रत्येक राज्याला किमान तीन वर्षांतून एकदा जाहीर सुनावणी घेऊन आपली मानके तपासण्याचे बंधन घातले आहे. तेथील नद्या त्यामुळे निर्मळ झाल्या असे मी म्हणणार नाही, पण मासेमाराला आणि शेतकऱ्याला आकड्याविषयी बोलण्याची एक ठरलेली तारीख मिळते. आपल्याकडे अशी तारीख ठरली, तर मी तलावांसाठी वेगळे निकष, त्यांत फॉस्फरस व शेवाळाचे प्रमाण सांगणारे हरितद्रव्य, आणि पहाटेचा नमुना या तीन गोष्टी लेखी मागेन.

कलम १७ मधील मानकांचा हा अधिकार आंतरराज्य प्रवाहांना लागू नाही. कन्हान नदी मध्य प्रदेशातून येते, तेव्हा तिच्यासाठी केंद्राशी बोलणे आले. नाग मात्र लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते आणि महाराष्ट्रातच कन्हानला मिळते, त्यामुळे तिच्या बाबतीत मुंबईतल्या राज्य मंडळाला दुसऱ्या कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही.