गावच्या पाण्याचा हिशोब : ३०० रुपये आणि ६३ हजार

जानेवारी २०२५ ला पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघायला लागले, आम्ही राहतो धायरीत, नांदेड गाव किरकटवाडी सगळं हाकेवर, म्हणून बायको म्हणाली पोराला घेऊन थोडे दिवस गावी आईंकडे जाते. गाव पुरंदर तालुक्यात. आणि गंमत बघा, चौथ्या दिवशी पोराला तिथंच जुलाब.

आई म्हणाली पाण्यानंच होतं, म्हणून तर आम्ही जार लावलाय, हा नळाचं प्यायला असेल. जार म्हणजे तो २० लिटरचा थंड पाण्याचा, ३० रुपयाला, रोज एक. महिन्याचे ९००. आणि ग्रामपंचायतीची पाणीपट्टी किती, तर वर्षाची १२००! तीही दोन वर्षं थकलेली, आमच्याच घरची. हे मला तेव्हा कळलं, मग आवाज जरा खाली आणला.

म्हणलं आधी पाणी तपासू. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नळाचं पाणी घेऊन सरकारी लॅबला गेलो तर तिथल्या मॅडमनी बाटली बघूनच परत दिली. जंतूंच्या तपासणीला लॅबचीच निर्जंतुक बाटली लागते, आतून हात लावायचा नाही, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत आणून द्यायची. परत हेलपाटा. बाईकवर पुढे थर्माकोलचा डबा धरून दिवे घाट उतरलो. जाताजाता डोकं चाललं म्हणून जारच्या पाण्याचं पण सॅम्पल घेतलं होतं.

रिपोर्ट आले, दोन्ही पिण्यास अयोग्य.

नळाचं अपेक्षित होतं, जारचं बघून आई दोन दिवस बोलली नाही. आपल्याकडे गोड लागलं की पाणी चांगलं असा हिशोब असतो. आमचं विहिरीचं पाणी जड, डाळ शिजत नाही, जारवाल्याचा आरओ (पाणी गाळायचं मशीन) तो जडपणा काढतो म्हणून जारचं गोड लागतं. पण आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन काहीच राहत नाही, मग नीट न धुतलेला जार, सील नाही, त्यात कोणी हात घातला की घाण आत गेली ती गेलीच. पुण्यात पण तेव्हा महापालिकेनं काही खासगी आरओ प्लांट सील केले होते.

मग टाकीवर गेलो. पाणी सोडणारे तात्या आमचे लांबचे चुलते लागतात. टीसीएल म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या पावडरची बॅग टाकीखाली उघडीच, ओल लागून गोळे झालेले. तात्यांनी ओटी टेस्ट (औषधाचे थेंब टाकून क्लोरीन बघायची) करून दाखवली, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी यायला पाहिजे. आमचं पाणी पांढरं ते पांढरंच. पावडर टाकत होते हो बिचारे, पण तिच्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला. आणि खालच्या आळीत पाइप सरळ गटारातून गेलेला. नळाला दिवसातून एक तास पाणी, बाकी वेळ पाइप रिकामा, मग गळतीतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ते मी स्वतः बघितलं, नंतर दोन दिवस चहा पण नको वाटला.

रात्री बसून हिशोब केला. १००० लिटरला ५ ग्रॅम पावडर. आमची टाकी ५० हजार लिटरची, म्हणजे दिवसाला पाव किलो, महिन्याला साडेसात किलो. ४० रुपये किलो धरली तर अख्ख्या गावाला महिन्याला ३०० रुपये. जारवाल्याला विचारलं तर रोज ७० जार उतरतात म्हणाला. म्हणजे २१०० रुपये रोजचे, महिन्याला ६३ हजार! २०० घरांची पाणीपट्टी सगळीच्या सगळी वसूल झाली तरी वर्षाची २ लाख ४० हजार होते, आणि जारचे चार महिन्यांतच त्याच्या वर जातात. पैसा नाही असं नाहीये, तो पंचायतीकडे न जाता टेम्पोतून जातो.

मग १ मेच्या ग्रामसभेत हे सगळं मांडलं. पहिला प्रश्न, तू पुण्यात राहतो तुला काय करायचंय. दुसरा, गावाचा आरओ का नाही बसवत. कोटेशन आलेलंच होतं, साडेपाच लाखांचं. म्हणलं आरओ बरंच पाणी वाया घालवतो, मे महिन्यात आपण टँकर मागतो आणि ते पाणी गटारात सोडायचं का. यावर जरा शांतता. भाऊसाहेबांनी (ग्रामसेवक, आता पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात भाऊसाहेबच) सांगितलं की वित्त आयोगाच्या बंधित निधीतून (पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेले पैसे) पाइप बदलता येईल, डोझर (क्लोरीन आपोआप सोडणारं यंत्र) पण बसेल, पण रोजचा खर्च पाणीपट्टीतूनच काढावा लागेल.

आणि तिथंच घोडं अडलं. १२०० चे १५०० करायचे म्हणलं की जे रोज ३० रुपयांचा जार घेतात तेच सगळ्यात आधी उठले. महिन्याला २५ रुपये वाढत होते, एका जारपेक्षा कमी! मला राग आला पण नंतर वाचलं, केनियात पण असंच, २०१९ चं नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर यांनी बघितलं होतं की क्लोरीन स्वस्तात विकलं तरी लोक फारसं घेत नाहीत, पाणी भरायच्या जागी फुकट ठेवलं की वापरतात. म्हणजे आमचं गावच वेडं नाही.

शेवटी सरपंचताईंनी १४०० वर तोडगा काढला. जास्तीचे ४० हजार, त्यातून तात्यांचा पगार ४००० चा ६००० केला तर वर्षाचे २४ हजार गेले, पावडर ३६००, उरलेल्यात व्हॉल्व्ह आणि गळती. पगार का वाढवला यावरून पण भांडण झालं, पण रोज पहाटे टाकीवर तेच जाणार ना, मी तर धायरीत झोपलेला.

पाइप दिवाळीनंतर बदलला. आता पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून नवीन तक्रार सुरू. जार ७० वरून ५५ वर आलेत, आईनं अजून बंद केलेला नाही, पाहुण्यांना लागतो म्हणते. परवा तात्यांचा फोन, ओटीचं औषध संपलंय, दीडशेची बाटली, पंचायतीतून यायला महिना लागेल. जीपे केले.